एका तबकडीचे राष्ट्र

आपल्या वाद्यमेळाला काय नाव द्यावे याला काही धरबंध नाही. कोणी फुलांचे नाव देतो, कोणी पाखरांचे, कोणी आपल्याच आडनावापुढे 'आणि मंडळी' लावून मोकळा होतो. पण १९६७ साली लॉस एंजल्स शहरात पाच-सहा तरुण माणसे एकत्र आली आणि त्यांनी आपल्या मेळाला चक्क आपल्या देशाचे नाव दिले. तेही 'अमेरिका' असे सुटसुटीत नव्हे, पासपोर्टावर छापतात तसे पुरे, 'द युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका'. १९६८च्या मार्चमध्ये कोलंबिया कंपनीने त्यांची एक तबकडी काढली. तिचेही नाव तेच. ते वर्ष मावळण्याच्या आत मूळची मंडळी मोडली. स्टुडिओत बसून केलेली त्यांची पहिली तबकडी ती, आणि शेवटचीही तीच.

या नावाचा तोटा असा की, आज इंटरनेटवर ते टाकून शोधू गेलात तर नकाशे निघतात, राष्ट्राध्यक्ष निघतात, व्हिसाचे नियम निघतात, आणि ही बिचारी दहा गाणी कुठेतरी तळाशी दडून बसलेली असतात. पण व्हिएतनामचे युद्ध ऐन भरात असताना सरकारचेच नाव आपल्या दारावरच्या पाटीवर लावायचे, यातला खट्याळपणा कोणालाही कळावा असा होता. आणि हा उपद्व्याप ज्याचा, तो जोसेफ बर्ड काही गल्लीतला टवाळ पोर नव्हता.

बर्डचा जन्म १९३७चा. तो विद्वान माणूस. न्यूयॉर्कमध्ये जॉन केज यांच्या वर्तुळात वावरलेला. केज म्हणजे, पियानोवादकाला पियानोसमोर स्वस्थ बसवून प्रेक्षकांना सभागृहातले खोकणे-खाकरणे संगीत म्हणून ऐकायला लावणारे गृहस्थ! १९६१ साली योको ओनो यांच्या न्यूयॉर्कमधल्या माडीवर नव्या कलावंतांच्या ज्या बैठका होत, त्यांत बर्डच्या रचनाही सादर झाल्या होत्या. पुढे १९६३च्या सुमारास तो लॉस एंजल्सच्या विद्यापीठात आला. त्याच्याबरोबर आली डोरोथी मॉस्कोविट्झ. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात शिकलेली, संगीत जाणणारी मुलगी. दोघांचे प्रेम होते.

या विद्यापीठाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आपला धागा तिथे गुंतलेला आहे. १९६० साली मँटल हूड या प्राध्यापकाने तिथे जगातल्या निरनिराळ्या लोकांच्या संगीताचा अभ्यास करणारी संस्था काढली. हूडसाहेबांचा आग्रह असा, की परक्या संगीतावर प्रबंध लिहायचा तर आधी त्यांची वाद्ये घेऊन जमिनीवर मांडी घालून बसा. माणसाला जशा दोन भाषा येतात तशी दोन संगीते आली पाहिजेत. त्यामुळे त्या इमारतीत एका खोलीत जावाबेटाचा गामेलान, दुसरीत घानाचे ढोल आणि तिसरीत आपली सतार, असा प्रकार चाले. सतार शिकवायला होते हरिहर राव, पंडित रविशंकरांचे शिष्य. या रावांनी डॉन एलिस नावाच्या जॅझ तुतारीवाल्याला आपल्या तालांची अशी काही गोडी लावली की, दोघांनी मिळून 'हिंदुस्तानी जॅझ सेक्स्टेट' नावाचा मेळ काढला. पाचाच्या, साताच्या, नवाच्या मात्रा मोजत अमेरिकन मंडळी जॅझ वाजवू लागली. हाच डॉन एलिस बर्डचाही सहकारी. फोकवेज कंपनीने गायत्री राजापूर आणि हरिहर राव यांची दक्षिणी रागांची एक तबकडी काढली, तिच्या कामात बर्ड आणि डोरोथी या दोघांचाही हात लागलेला आहे. म्हणजे आपल्याकडचे सूर त्यांनी फॅशन म्हणून खांद्यावर टाकले नव्हते. गुरूसमोर बसून ऐकले होते.

१९६६च्या सुमारास त्या दोघांचे प्रेम संपले. डोरोथी न्यूयॉर्कला परत गेली. वर्षभरात बर्डने विद्यापीठ सोडले आणि नवा मेळ काढायचे ठरवले. गाणार कोण? त्याने डोरोथीलाच बोलावले, आणि ती आली! मोडलेल्या संसाराच्या जागी दोघांनी दुकान थाटावे तसा हा प्रकार. आपल्या मध्यमवर्गीय मनाला हे जरा अवघड वाटते. पण या तबकडीत दोन्ही गोष्टी ऐकू येतात असे मला नेहमी वाटत आले आहे: एकमेकांची नस ठाऊक असणे आणि एकमेकांपासून अंतर ठेवणे.

त्या काळात गिटारीवाचून रॉकचा मेळ म्हणजे वरणावाचून भात. यांनी गिटार घेतलीच नाही. गॉर्डन मॅरॉनचे विजेवर चालणारे व्हायोलिन, रँड फोर्ब्सची पडदे नसलेली बेस, क्रेग वुडसनचे ड्रम, बर्डचे ऑर्गन आणि हार्प्सिकॉर्ड, आणि या सगळ्यांच्या अंगावर विजेच्या तारांचे जंजाळ. वुडसनने झांजांना स्लिंकी टांगल्या होत्या. स्लिंकी म्हणजे ते जिन्यावरून स्वतःहून पायरी-पायरी उतरत येणारे स्प्रिंगचे खेळणे. झांज वाजली की ती लांबलचक स्प्रिंग थरथरत राहायची. मूग सिंथेसायझर तेव्हा नुकता बाजारात आलेला, पण त्याची किंमत ऐकून घरी परत यावे अशी. म्हणून रिचर्ड ड्युरेट नावाच्या एंजिनियराने यांच्यासाठी स्वतःच एक यंत्र जुळवून दिले. आणि टॉम ओबरहाइम नावाच्या दुसऱ्या एका विद्युत्शास्त्र जाणणाऱ्या मित्राने बांधलेले रिंग मॉड्युलेटर त्यांच्या सामानात होते.

हे यंत्र काय करते ते समजून घेण्यासारखे आहे. समजा, व्हायोलिनचा एक सूर सेकंदाला ४४० कंपनांचा आहे, आणि यंत्राच्या पोटात दुसरा एक सूर १०० कंपनांचा चालू आहे. दोघांची आत गाठ पडते आणि बाहेर पडतात ते ५४० आणि ३४०. बेरीज आणि वजाबाकी! मूळचे दोघे गायब. दोन पाहुणे पुढच्या दाराने घरात शिरावेत आणि मागच्या दाराने भलतेच दोघे निघून जावेत, तसे. शिवाय व्हायोलिनच्या सुरात ४४०च्या जोडीला त्याच्या दुपटीचा ८८०, तिपटीचा १३२० असे सगळे भाईबंद असतातच, आणि एकमेकांच्या पटीत असल्यामुळे ते कानाला गोड लागतात. यंत्रातून बाहेर येताना ८८०चे ९८० आणि ७८० होतात, १३२०चे १४२० आणि १२२०. नातेगोते पार तुटते. मग ते व्हायोलिन व्हायोलिन राहत नाही. फुटक्या घंटेसारखे, पत्र्याच्या डब्यासारखे, कधी दूरवरच्या भोंग्यासारखे बोलू लागते. आजकाल मोबाइलमध्ये असले आवाज फुकट मिळतात. तेव्हा ते हाताने डाग देऊन, तारा जोडून मिळवावे लागत, आणि ऐन कार्यक्रमात यंत्र रुसले तर प्रेक्षकांसमोर बसून त्याची मनधरणी करावी लागे.

माझ्या भाच्याने लॉस एंजल्सहून येताना या तबकडीची नवी आवृत्ती आणली आणि एका रविवारी सकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत ती लावली. दोन स्पीकर खोलीच्या दोन कोपऱ्यांत. सुरुवातीलाच सर्कशीतला कॅलिओपी ऑर्गन एक कवायतीचे गीत वाजवू लागतो. त्यावर पियानो वेगळेच नाचाचे गाणे धरतो. आणि मग दोन लष्करी बँड दोन निरनिराळी संचलनगीते वाजवत या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात आणि त्यातून यात येजा करू लागतात. आमच्या सौ. स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"अहो, दोन स्टेशने एकदम लागलीत का?"

"दोन नव्हे, चार," मी म्हणालो.

खरे तर हा गोंधळ जुना आहे, आणि मोठ्या घराण्यातला आहे. अमेरिकेत चार्ल्स आइव्हज नावाचा थोर रचनाकार होऊन गेला. त्याचे वडील डॅनबरी गावचे बँडमास्तर. ते म्हणे दोन बँड गावाच्या दोन टोकांकडून निरनिराळी गाणी वाजवत समोरासमोर आणीत आणि मध्ये उभे राहून ऐकत. आपल्याकडे लग्नाच्या मोसमात एका गल्लीत दोन वराती समोरासमोर आल्या की हे संगीत आपण सर्वांनी ऐकलेले आहे. फक्त कान टवकारून ऐकलेले नाही. आइव्हजने पुढे तोच कल्लोळ आपल्या रचनांत आणला. बर्डने त्याच आइव्हजला हा नमस्कार केला आहे. देशभक्तीची सगळी गाणी एकदम वाजली तर देशाचा काय आवाज निघेल, हेही त्यात आलेच.

आणि या कल्लोळाच्या पोटातून डोरोथीचा आवाज येतो.

मला या तबकडीविषयी काही सांगायचे असेल तर ते या आवाजाविषयी. तो मोठा नाही. त्यात कंप नाही, आळवणे नाही, हुंदका तर नाहीच. त्या काळच्या रॉक गायिका काळीज फाडून गात. ही बाई वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवावी तशी, पण अगदी सुरात, सरळ रेघ ओढत जाते. पहिल्या गाण्यात तर तिचा आवाजही यंत्रात सापडतो, हळूहळू चिरकत, धुरकटत जातो. तरी सूर जागचा हलत नाही. भोवती व्हायोलिन किंचाळते आहे, ड्रम कोसळत आहेत, यंत्रे शिट्ट्या घालत आहेत, आणि मध्ये ही उभी. आमच्या सौ. दारात उभ्या राहून दोन-तीन गाणी ऐकत होत्या. त्यांना इंग्रजी गाण्यांचा सोस नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "बाकी सगळे भांडताहेत. ही बाई मात्र भांडत नाही."

मला एकदम तानपुरा आठवला. मागे बसून कोणीतरी तो छेडत असतो, त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते. पण तो आहे म्हणून गवय्याला वाटेल तिथे हुंदडून परत येता येते. डोरोथी आपल्या संगीताच्या जवळ बसून आली होती, त्याचा हा परिणाम की तिचा मूळचाच स्वभाव, हे मी कसे सांगू? पण या तबकडीत राग नाही, आलाप नाही, सतारीचा झणकार नाही, आणि तरीही तिथे एक षड्ज आहे असे माझ्या कानाला वाटते. १९६७-६८मध्ये सतारीची फोडणी दिलेली पाश्चात्त्य गाणी पोत्याने निघाली. त्यांत आपली वाद्ये होती, पण हे क्वचितच होते.

दहा गाणी चाळीस मिनिटांच्या आत आटोपतात. सगळी सारख्या तोलाची नाहीत. एक-दोन तर त्या काळच्या नशापाण्याच्या गाण्यांच्या गर्दीत हरवून जावीत अशी आहेत. पण 'क्लाउड साँग' ऐका. त्याचे शब्द मिल्नच्या 'विनी द पू' या लहान मुलांच्या पुस्तकावरून घेतले आहेत. तिथे ते मध खाऊ पाहणारे अस्वल फुग्याला लटकून ढग असल्याचे सोंग करते आणि मधमाश्यांना फसवू बघते. एवढी विद्वत्ता, एवढी यंत्रे, आणि गाणे कोणाचे, तर एका कापसाच्या अस्वलाचे! ते इतके सावकाश, इतके अधांतरी गायले आहे की, ऐकताना खुर्चीचे हात धरावेसे वाटतात. 'लाकडी बायको' हे एक विनोदी गाणे आहे. उपनगरात घर, हिरवळ आणि संसार असलेला एक प्रतिष्ठित गृहस्थ आपल्या मैत्रिणीला समजावतो की, सगळे खरे, पण माझ्या लाकडी बायकोला मी काही सोडणार नाही. हे आमच्याकडे जरा आवाज कमी करून ऐकले गेले.

आणि मग ते 'मृत चे याच्यासाठी प्रेमगीत'. चे गव्हेरा यांना ९ ऑक्टोबर १९६७ रोजी बोलिव्हियात ठार मारण्यात आले. डिसेंबरात ही मंडळी स्टुडिओत होती. बर्ड कम्युनिस्ट विचारांचा. असे नाव वाचून आपण मुठी आवळलेल्या गर्जनेची तयारी करून बसतो. प्रत्यक्षात ते तबकडीतले सर्वांत हळुवार गाणे आहे. शब्दांत क्रांती नाही, बंदूक नाही, माणसाचे नावही नाही. एक बाई गेलेल्या माणसाची आठवण काढते, इतकेच. राजकारण सगळे त्या नावात. नाव झाका, कोणत्याही घरातल्या कपाटावरच्या फोटोसमोर म्हणता येईल. मला वाटते, बर्डच्या हातून ज्या क्षणी भाषण सुटले आणि डोरोथीच्या गळ्यावर त्याने भिस्त ठेवली, त्या क्षणी तो सर्वांत पुढे गेला.

पण हे त्याला कितपत पटले असते? मेळ कोणाचा, हा प्रश्न पहिल्यापासूनच होता. कल्पना बर्डची; त्याला राजकारण, नवे संगीत आणि रंगमंचावरचा तमाशा, तिन्ही एकत्र हवे होते. बाकीचेही कमी शिकलेले नव्हते, आणि त्यांना चांगला, लोकांना आवडेल असा मेळही हवा होता. पुढे बर्डनेच सांगितले आहे की, त्याने फार जणांची फार ठसठशीत व्यक्तिमत्त्वे एका ठिकाणी आणली, सगळे लोकशाहीने चालवू पाहिले, आणि ते जमले नाही. तालमीची तालीम राहिली नाही, मनाची दुखणी मांडायची बैठक झाली. देशाचे नाव घेतले खरे, पण या राष्ट्राला घटना नव्हती! ज्यांनी आपल्याकडच्या नाटक कंपन्या फुटलेल्या पाहिल्या-ऐकल्या आहेत, त्यांना पुढचे सांगायला नको. दौऱ्यात यंत्रे बिघडत, माणसे बिघडत. एकदा तर वाद हातघाईवर आला. त्यातच तबकडीने बाजारात फारशी मजल मारली नाही: 'बिलबोर्ड'च्या दोनशे जागांच्या यादीत ती १८१व्या जागेपर्यंत चढली आणि उतरली. तिकडे देशात त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला, जूनमध्ये रॉबर्ट केनेडींचा. खऱ्या युनायटेड स्टेट्समध्ये एवढा कल्लोळ चालला असताना तबकडीतला कोण ऐकणार? बर्ड बाहेर पडला. डोरोथीने उरलेल्यांना घेऊन काही दिवस रेटून पाहिले, काही गाणी कच्ची ध्वनिमुद्रित केली. पण तबकडी म्हणून त्यातून काही उभे राहिले नाही.

ही मंडळी टिकती तर काय झाले असते, अशी हळहळ तबकडीचे चाहते करतात. मला ती तितकीशी वाटत नाही. टिकायची तर कोणीतरी गप्प बसायला हवे होते, आणि मग ते चार बँड एकदम कसे वाजले असते? डिसेंबर १९६७च्या त्या थोड्या दिवसांत ही सगळी हट्टी माणसे एका खोलीत होती, कोणीही अजून दार आपटून गेलेले नव्हते, आणि डेव्हिड रुबिनसन हा धीराचा निर्माता काचेपलीकडे बसून सगळे टिपून घेत होता. एवढ्यावर मी खूश आहे.

पांगलेली माणसे मात्र रिकामी बसली नाहीत. बर्डने १९६९मध्ये निराळ्या मंडळींना घेऊन आणखी एक तबकडी केली. १९७२च्या 'सायलेंट रनिंग' या चित्रपटातल्या छोट्या यंत्रमानवांना आवाज दिले. आणि १९७८ साली राय कूडर याच्या 'जॅझ' या तबकडीसाठी जुन्या धाटणीची सुरेख संगीतयोजना केली. एड बोगास हा यांच्यात पाहुणा म्हणून आलेला वादक पुढे चार्ली ब्राऊनच्या व्यंगपटांना संगीत देऊ लागला. आपल्या नातवंडांनीही ते ऐकले असेल. स्लिंकीवाला वुडसन घानाच्या आशांती ढोलांचा पंडित झाला. ओबरहाइमने यंत्रे बांधण्याचाच धंदा काढला. १९८४ साली जगभर गाजलेल्या 'जंप' या गाण्यातला तो विजेच्या ऑर्गनसारखा खणखणीत आवाज त्याच्याच यंत्राचा. आणि ज्या तबकडीला १८१वी जागा मिळाली होती, तिच्या वळणावर १९९७मध्ये पोर्टिसहेड या इंग्रज मेळाने एक गाणे बेतले. बर्मिंगहॅमच्या ब्रॉडकास्ट या मेळाने तर ही तबकडी आपले दैवतच मानली.

डोरोथीने काही काळ कंट्री जो मॅक्डॉनल्डच्या मेळात साथ केली, आणि मग ती कॅलिफोर्नियात शाळेच्या मुलांना संगीत शिकवू लागली. त्या मुलांपैकी कितीजणांना ठाऊक असेल, की आपल्या बाई एके काळी एका राष्ट्राच्या आवाज होत्या? २०२३ साली, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, इटलीतल्या काही संगीतकारांबरोबर त्यांनी एक नवी तबकडी केली. मी ती भाच्याकडून मागवून घेतली आहे. आवाज खाली उतरला आहे, वयाने थोडा जाडसर झाला आहे. कंप अजूनही फारसा नाही. या नव्या मेळाचे नाव त्यांनी ठेवले आहे 'युनायटेड स्टेट्स ऑफ अल्केमी', म्हणजे किमयेची संयुक्त संस्थाने.